शेवंतीवयनींची चौदा जनेलां

आमच्या शाळेच्या एकाही ग्रुप फोटोत शेवंतीवयनींचा चेहरा नीट आलेला नाही. एकात पदराचा हिरवा पट्टा आहे, एकात पाठ आहे. एकात हेडमास्तरांच्या खुर्चीमागून नुसता हात दिसतो, आणि त्या हातात वर्तमानपत्राचा चुरगळलेला कागद आहे. फोटोवाला "हलू नका" म्हणेपर्यंत त्यांना मागच्या कुठल्या तरी काचेवर काहीतरी दिसलेलं असायचं.

त्या शाळेत प्यून होत्या. पण प्यून हा शब्द त्यांना चिकटला नाही. पाचवीतल्या पोरांपासून हेडमास्तरांपर्यंत सगळे त्यांना वयनी म्हणायचे, आणि त्याही थोरल्या भावजयीचे सगळे हक्क बजावायच्या. टोमणे मारायच्या, कान धरायच्या, कुणाचा डबा नसेल तर आपली अर्धी पोळी त्याच्या हातावर ठेवायच्या. माहेर पेडण्याच्या बाजूला, शापोरा नदीच्या काठावरचं चोपडे. सासर डिचोलीतलं शिरगाव. शिरगावहून त्या रोज चालत यायच्या. बस मिळत नव्हती असं नाही. बसची वाट बघत उभं राहणं त्यांना जमत नसे.

मी तिथे ज्युनिअर क्लार्क म्हणून लागले तेव्हा बी.कॉम. होऊन वर्षही झालं नव्हतं. आमच्या घरातली ती पहिली पदवी. माझे बाबा सिंधुदुर्गातून खाणीवर कामाला आले आणि साखळीला एका खोलीत राहिले. त्या खोलीच्या खिडकीला गज होते, लाकडी झडप होती, काच नव्हती. काच पुसणं हे शिकण्याचं काम असतं हे मला माहीतच नव्हतं.

शाळेची इमारत म्हणजे पोर्तुगीज अमदानीतल्या कुणा अधिकाऱ्याचं राहतं घर. त्याला चौदा खिडक्या होत्या, सात रस्त्याच्या बाजूला आणि सात मागच्या अंगाला. आपल्याकडच्या खिडक्या बाहेर उघडतात तशा या नव्हत्या. दोन काचेच्या चौकटी एकीवर एक. खालची वर सरकायची, वरची खाली. दोन्ही बाजूंच्या लाकडात पोकळी, पोकळीत दोरीला बांधलेली लोखंडी वजनं. त्यामुळे एवढी जड चौकट, पण दोन बोटांनी उचलावी आणि सोडाल तिथे थांबावी. वयनी त्यांना खिडकी म्हणत नसत. जनेल म्हणत. काचेला विद्र. हे शब्द त्या घराबरोबरच आले असावेत आणि घराबरोबरच राहिले.

दुसऱ्याच आठवड्यात मी एक घोळ घातला. वयनी बँकेत गेल्या होत्या. ऑफिसची खिडकी रस्त्याच्या बाजूची, आणि त्या रस्त्यावरून दिवसभर खाणीचं लाल खनिज घेऊन ट्रक नदीच्या धक्क्याकडे जात. काचेवर लालसर थर बसला होता. मला वाटलं, रिकामी बसण्यापेक्षा मदत करावी. बादली भरली, फडका भिजवला आणि काच धुऊन काढली. म्हणजे काढायला गेले. त्या धुळीला पाणी लागताच तिचा काला झाला. पुसावं तितका तो पसरत गेला, खाली चौकटीच्या खाचेत उतरला, आणि ऊन आल्यावर काचेवर वरपासून खालपर्यंत लाल ओघळ वाळून बसले.

वयनी आल्या. दारातूनच त्यांनी पाहिलं.

"पाणी कोणी लावल्यान?"

मी उभी राहिले. "मी, वयनी."

"बी.कॉम.क ह्यां शिकवणत नाय?"

मी मान खाली घातली. त्यांनी माझ्या हातातला फडका ओढून घेतला, पिळला आणि बादलीत पडलेलं लाल पाणी मला दाखवलं. "ही धूळ न्हय गो बाय, हो रंग. रंगाक पाणी घातलां की काय जाता? भिंत रंगता. आधी कोरडां, मगे वलां. चल, बस नको, हय ये."

मग त्यांनी मला काच पुसायला शिकवली. तो तास मी विसरणार नाही, कारण कॉलेजात कुणी इतक्या घाईने आणि इतकं नीट काही शिकवलं नव्हतं. आधी मऊ झाडणीने वरून खाली, कोरडंच. कोपऱ्यांना दाढीचा ब्रश. तो त्यांच्या वारलेल्या नवऱ्याचा होता आणि त्यात लपवण्यासारखं त्यांना काही वाटत नसे. मग पाण्यात थोडं विनाग्र, म्हणजे माडाचा आंबट शिरका. फडका त्यात बुडवून असा पिळायचा की पुन्हा मूठ दाबली तरी थेंब पडू नये. खाचेत पाणी गेलं तर आतली दोरी कुजते. बाहेरून पुसायला शिडी लागत नाही: खालची चौकट वर सारायची, वरची खाली ओढायची, आणि आत उभं राहूनच हात बाहेर काढून दोन्ही काचा करायच्या. आतून आडवा हात, बाहेरून उभा हात. मग काचेवर रेघ उरलीच तर ती आडवी की उभी यावरून कळतं, चूक कुठल्या बाजूला आहे. शेवटी वर्तमानपत्राचा कागद, पण रंगीत पान नको. त्या निधनवार्तांची पानं साठवून ठेवायच्या.

"ह्यांतच सगळ्यात कमी रंग," त्या म्हणाल्या. "मेल्यावर तरी माणूस कोणाच्या उपेगाक पडाक होयो मां?"

आणि उन्हात काच पुसायची नाही, पाणी वाळून डाग धरतात. म्हणून सकाळी त्या मागच्या बाजूला आणि दुपारनंतर रस्त्याच्या बाजूला असायच्या. ऊन जिथे नाही तिथे वयनी. त्यांना शोधायचं असेल तर आम्ही आधी सावली कुठे आहे ते बघायचो.

जेवायच्या उभ्यानेच, व्हरांड्यात, डबा कठड्यावर ठेवून. मी एकदा खुर्ची पुढे केली तर म्हणाल्या, "बसलंय की अंगाक काटे येतत." जेवता जेवता दोन वेळा उठून, म्हणजे उभ्याच्या चालत्या होऊन, काहीतरी करून यायच्या. त्यांच्याशी बोलायचं तर त्यांच्याबरोबर चालावं लागे. हेडमास्तरही चालायचे.

हे हेडमास्तर नवीन आले तेव्हाची गोष्ट. सातवीच्या वर्गात उकडत होतं म्हणून त्यांनी वरची चौकट खाली ओढली. ती जरा अडकली, त्यांनी जोर केला, आणि आतली जुनी दोरी तुटली. चौकट सुटली. खाली खिडकीच्या कट्ट्यावर एका मुलाची बोटं होती. वयनी कुठून आल्या कुणी पाहिलं नाही. पाहिलं ते एवढंच की त्यांचा दंड मध्ये आहे आणि अख्खी चौकट त्या दंडावर आहे. मुलगा भ्याला, रडायला लागला.

"बोटां काढ आधी! मगे रड!" वयनी ओरडल्या.

त्याने बोटं काढली. आम्ही चौकट उचलली. त्यांचा दंड निळा पडत चालला होता आणि त्या मान वाकडी करून वर बघत होत्या. "विद्र फुटलां?"

"वयनी, हात बघा तुमचा," हेडमास्तर म्हणाले.

"हात बरो जातलो, सर. असलां विद्र आता गावणा नाय."

वयनींना एकच मुलगा, उमेश. त्याचा एक जुना टिपर होता, तो खनिजाच्या वाहतुकीवर चालायचा. शाळेवरून जाताना तो दोनदा हॉर्न द्यायचा. वयनी मान वर करत नसत, हातातलं काम चालू ठेवून कुणालाही उद्देशून नाही असं म्हणत, "इलो."

मध्ये काही वर्षं खाणी बंद पडल्या. रस्ता रिकामा झाला. उमेशचा टिपर अंगणात ताडपत्रीखाली उभा राहिला आणि चाकांभोवती गवत आलं. आमचीही साखळीची खोली गप्प झाली. बाबा सकाळी उठून कपडे करून कुठे जायचं ते ठरवत बसायचे. या काळात शाळेच्या काचा महिनोन्महिने स्वच्छ राहत. वयनी तरीही त्या पुसायच्या. स्वच्छ काच पुसणाऱ्या माणसाकडे बघवत नाही. एकदा त्या हात थांबवून म्हणाल्या, "ही निवळ जनेलां माका बघवणत नाय गो."

मग खाणींचं काम पुन्हा थोडं थोडं सुरू झालं. पहिले ट्रक गेले त्या दिवशी वयनी ऑफिसात आल्या, काचेवरून बोट फिरवलं आणि ते लाल बोट माझ्या नाकासमोर धरलं. इतक्या हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "बघ! चूल पेटली!"

मीही हसले. का हसू नये? माझी फी, माझी पुस्तकं, माझी पदवी त्याच धुळीतून आली होती.

पण ट्रक वाढले. आधी आठवड्याला, मग दिवसाला, मग एकामागे एक. उकाड्यात खिडक्या बंद ठेवता येत नव्हत्या आणि उघड्या ठेवल्या की वह्या लाल होत. मुलं खोकायला लागली. पाचवीतल्या एका मुलीला धाप लागली, तिला वयनींनीच पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवलं. पालकांची सभा झाली. ट्रक शाळेवरून न जाता डोंगरामागच्या बाहेरच्या रस्त्याने जावेत असा अर्ज करायचं ठरलं. अर्ज मी टाईप केला.

वयनी माझ्या टेबलाशी आल्या. "काय बरयलंस? वाच."

मी वाचलं. "धुळीमुळे विद्यार्थ्यांच्या आरोग्यावर परिणाम होत आहे..."

"विद्यार्थी म्हणजे कोण? तेंका नावां नाय?"

त्या गेल्या. मी अर्जाला मुलांच्या नावांची यादी जोडली.

पाहणीला एक अधिकारी पंधरा दिवसांनी, गुरुवारी, येणार असं कळलं. हेडमास्तरांनी वयनींना बोलावलं. "वयनी, तोपर्यंत रस्त्याच्या बाजूच्या खिडक्यांना हात लावू नका. साठू दे. साहेबांना डोळ्यांनी दिसू दे."

"सर, पंधरा दीस?"

"पंधरा दिवस."

ते पंधरा दिवस त्यांनी कसे काढले ते मी पाहिलंय. मागच्या सात खिडक्या त्या दिवसातून दोनदा करायच्या. पुढच्या व्हरांड्यातून जाताना तोंड फिरवायच्या. रिकामे हात पदरात गुंडाळायच्या, सोडवायच्या, पुन्हा गुंडाळायच्या. एका बाईंनी गमतीने म्हटलं, "वयनी, आता तरी बसा." त्यावर टोमणाही न मारता त्या रिकामी बादली उचलून मागे गेल्या, आणि त्याचीच मला धास्ती वाटली.

मंगळवारी दुपारी उमेश शाळेच्या फाटकाशी आला. मी टपाल द्यायला निघाले होते, त्यामुळे ऐकणं टळलं नाही.

"आये, बुधवारी सांजच्याक सगळीं जनेलां पुसून काढ. लखलखीत. साहेब येतलो, निवळ विद्र बघतलो, जातलो."

"सरांनी पुसू नको म्हटलां."

"सरांचो टिपर आसा? भायल्या रस्त्यान गाडी गेली तर दोन खेपे कमी जातले. मगे जुन्या गाड्यांक पयली काढतले. माझी पयली. तुका कळता मां?"

"कळता."

"मगे?"

वयनी त्याच्याकडे बघत होत्या. त्याच्या शर्टाची कॉलर वळली होती, ती त्यांनी सरळ केली. त्याने मान झटकली आणि तो गेला.

गुरुवारी मी लवकर पोचले. रस्त्याच्या बाजूच्या सातही खिडक्या लखलखत होत्या. एकीवरही रेघ नव्हती, आडवी ना उभी. व्हरांड्यात वयनी लाल झालेले वर्तमानपत्राचे बोळे पोत्यात भरत होत्या.

हेडमास्तर आले आणि जागच्या जागी थांबले. शांत माणूस, पण त्या दिवशी ते जे बोलले ते मी लिहिलं नसतं, त्यांनी स्वतःच नंतर ते चारचौघांत कबूल केलं नसतं तर.

"वयनी, तुमच्या एका मुलासाठी आमची सगळी पोरं विकलीत तुम्ही."

वयनींचे हात थांबले. त्यांनी पोत्याचं तोंड बांधलं. "च्याचां आधण ठेवतंय," एवढंच म्हणाल्या.

अधिकारी दहाच्या सुमाराला आले. सोबत ट्रकवाल्यांच्या बाजूचे दोघं होते, ते काचा बघून एकमेकांकडे बघत होते. साहेब खिडकीपाशी उभे राहिले. "खिडक्या तर स्वच्छ दिसतायत. अर्जात तर तुम्ही लिहिलंय..."

हेडमास्तर वह्या दाखवू लागले, मुलीच्या दवाखान्याचा कागद दाखवू लागले. साहेब मान हलवत होते, पण डोळे काचेकडे जात होते. मग चहा आला. वयनींनी कप ठेवले, बिस्किटं ठेवली, आणि खिडकीखालच्या बाकावर बसल्या.

बसल्या. दोन्ही हात मांडीवर. मी टेबलामागून बघत राहिले. बाहेरून ट्रक जात होते. एक गेला की काच थरथरायची, मग दुसरा. साहेबांनी दोन प्रश्न विचारले, काहीतरी लिहून घेतलं. एका ट्रकने दोनदा हॉर्न दिला. वयनींनी डोळे मिटले आणि उघडले. "इलो" म्हणाल्या नाहीत.

साहेब उठले तशा त्याही उठल्या.

"साहेब, ह्या जनेलाक बोट लावा."

"काय?"

"बोट लावा. भायल्या बाजून."

खालची चौकट त्यांनी वर सारली होती. साहेबांनी हात बाहेर काढून काचेवर बोट ओढलं आणि आत घेऊन बघितलं. बोटाचं टोक लाल होतं. काचेवर त्या बोटाएवढी वाट उमटली होती.

"सकाळी सातांक, ऊन चडूच्या आधी पुसलंय मी," वयनी म्हणाल्या. "पंधरा दिसांची धूळ दाखयली असती तर तुमी म्हणतलास, शाळेची प्यून आळशी. ही आजची. पोरां शाळेत येवन बसल्यापासूनची. जेंच्या नाकात गेली ती सगळी भितर वर्गात आसत."

ट्रकवाल्यांपैकी एकजण पुढे झाला. "बाये, तू खंयच्या गावची? तुझो झील..."

"माझ्या झिलाचो टिपर आताच गेलो," वयनी म्हणाल्या. "तुमी हॉर्न आयकलो न्हय?"

साहेबांनी रुमालाने बोट पुसलं आणि वहीत पुन्हा काही लिहिलं. या वेळी जरा जास्त वेळ लिहिलं.

ते गेल्यावर हेडमास्तर वयनींपाशी आले. त्यांनी हात जोडले होते. वयनींनी ते जोडलेले हात बघितले आणि मान फिरवली. "सर, पोरां मी विकूक नाय. झील मात्र..." बादली उचलून त्या मागे गेल्या.

मी त्यांच्यामागे गेले. विहिरीपाशी त्या उभ्या होत्या. मी विचारलं, "वयनी, तुम्ही ठरवलं कधी?"

"माका इचारू नको गो," त्या म्हणाल्या. "आज सांजच्याक घरात जेवण कसां वाढूचां, तां सांग."

मी त्यांच्या हातातली बादली घेतली आणि पाणी ओढायला लागले.

महिन्याभराने हुकूम आला. ट्रक बाहेरच्या रस्त्याने जाऊ लागले. पाचवीतली ती मुलगी पुन्हा कवायतीला उभी राहिली. आणि उमेश म्हणाला होता तसंच झालं: खेपा कमी झाल्या आणि जुन्या गाड्यांत पहिली त्याची कमी झाली. त्याने आईशी बोलणं टाकलं.

निवृत्तीचे कागद भरायला मी एकदा शिरगावला त्यांच्या घरी गेले होते. उमेश जेवत होता. वयनी चुलीपाशी उभ्या होत्या आणि भिंतीकडे बघून म्हणत होत्या, "आमटी आणखी आसा." उमेश बायकोला म्हणाला, "पुरे म्हणून सांग." बायको दोघांच्या मध्ये पळी घेऊन उभी. मला पाणी देऊन वयनी माझ्या कागदांवर सह्या करू लागल्या, उभ्यानेच, दाराच्या फळीवर कागद टेकून. सही करता करता हळूच म्हणाल्या, "जेवता मां, तितलां पुरे."

निवृत्त झाल्यावर त्या बऱ्याचदा चोपड्याला भावाकडे राहायला जाऊ लागल्या. घरात दोन माणसं न बोलता राहतात तेव्हा मधल्या सुनेने कुठे जावं, असं त्यांनी मला एकदा फोनवर विचारलं होतं; आणि मी उत्तर द्यायच्या आतच, दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवला होता. त्यानंतर त्यांची खबर मिळाली ती तुटक तुटक. उमेशने टिपर विकला नाही, पेडण्याच्या बाजूला चिऱ्यांच्या वाहतुकीला लावला, एवढं कळलं. मी दुसरी परीक्षा दिली, पणजीला नोकरी लागली. नव्या ऑफिसच्या काचा मोठ्या आहेत, एका चौकटीच्या, न उघडणाऱ्या. कुणीतरी फवारा मारून त्या पुसतं आणि उन्हात त्यावर वर्तुळं दिसतात. मी कामात असले तरी उठते. बसवत नाही.

गेल्या मार्चमध्ये कामानिमित्त पेडण्याला निघाले होते. म्हापशाहून बस. शिवोलीचा पूल ओलांडून चोपड्यात शिरलो आणि बस थांबली. पुढे चिरे भरलेला एक टिपर अरुंद रस्त्यात उभा होता. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, कंडक्टर दाराशी जाऊन ओरडला, "ए, गाडी बाजूक घे रे!"

टिपरच्या दारापाशी, मातीत पाय रोवून, टाचा उंचावून, वयनी उभ्या होत्या. हातात डबा, वर धरलेला. केस सगळे पांढरे. उमेश केबिनमधून वाकला आणि त्याने डबा घेतला. मग तो काहीतरी बोलला. इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही, पण त्याचे ओठ हलले, आणि ते वयनींकडे बघून हलले. वयनींनी उत्तर दिलं. हात वर करून, बोट नाचवत, बरंच मोठं उत्तर. रागावत असाव्यात. तो ऐकत होता.

कंडक्टर पुन्हा ओरडला. वयनी गर्रकन वळल्या.

"थांब रे मेल्या! झील बोलता माझो!"

बसमधले लोक हसले. मी उठून दाराकडे धावले, "वयनी!" म्हणून हाक मारली. तोपर्यंत त्यांनी टिपरच्या पत्र्यावर तळहाताने दोन थापा मारल्या होत्या, गाडीचे क्लीनर मारतात तशा, आणि टिपर निघाला होता. बसही निघाली. मी दारातून मागे बघितलं. टिपर वळणावर नाहीसा व्हायचीही वाट न बघता त्या नदीकडच्या पायवाटेला लागल्या होत्या, भराभर, जवळजवळ धावतच.